भांडं कुठवर भांडं असतं

सांध्यात मोडलेली किल्ली अजून किल्ली आहे का, यावर विद्वानांचं एकमत होत नाही. पहिलं मत असं की ती वस्तू म्हणून संपली. रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) यहूदांना ते मान्य नाही. दाराच्या आतल्या बाजूने तिने अजून उघडता येतं, मग ती संपली कशी?

हा वाद मिश्नेतला आहे. तोराह म्हणजे ज्यूंचा पाच पुस्तकांचा मूळ धर्मग्रंथ, आणि त्यानंतरचा ज्यू धर्मशास्त्राचा हा पहिला मोठा संकलित ग्रंथ. इ. स. २०० च्या सुमारास आजच्या उत्तर इस्रायलमधल्या गालील प्रांतात रब्बी यहूदा हनासी यांनी तो सिद्ध केला. (किल्लीवाले यहूदा वेगळे, आधीच्या पिढीतले.) मिश्नेत ‘केलीम’ नावाचा एक भाग आहे आणि त्याचा विषय भांडीकुंडी, हत्यारं, घरातलं सगळं सामानसुमान. अध्याय तीस. अख्ख्या मिश्नेत एवढा लांब भाग दुसरा नाही. प्रार्थना आणि आशीर्वचनांवरच्या भागाला नऊ अध्याय पुरले. चुली, टोपल्या, कुलपं, खाटा, चाळण्या आणि सुया यांना तीस लागले.

केलीम मी भाषांतरातून वाचते, आणि हळूहळू वाचते, कारण त्यात पानंच्या पानं भोकांवर आहेत. मातीचं भांडं खाण्याच्या वस्तूंसाठी असेल तर त्याला किती मोठं भोक पडल्यावर ते भांडं राहत नाही? ऑलिव्हचं फळ निसटेल एवढं. पाण्यादुधासाठी असेल तर? पाणी गळेल एवढं. दिव्याला तेल गळेल एवढं. घरातल्या लाकडी भांड्यांना डाळिंब निसटेल एवढं. रब्बी एलिएझेर मधेच म्हणतात की सगळ्यांना एकच माप कसं लावता? भाजीवाल्याच्या टोपलीतून जुडी पडली तर ती टोपली निकामी, घरच्या टोपलीतून पेंढा पडला तर निकामी. मग डाळिंब म्हणजे कोणतं? फार मोठं नको, फार लहान नको, मध्यम. अंड्याचं माप सांगताना एक जण सुचवतो की सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान अंडं पाण्यात बुडवा, बाहेर पडलेल्या पाण्याचे दोन भाग करा. त्यावर रब्बी योसे विचारतात, सर्वांत मोठं कोणतं आणि सर्वांत लहान कोणतं हे मला कोण सांगणार? शेवटी ते पाहणाऱ्याच्या अंदाजावरच सोडायला हवं.

मला हे वाचताना विलक्षण आनंद होतो. नियमामागचं गणित तसं सरळ आहे. विटाळ लागतो तो वापरातल्या वस्तूला. जिचा उपयोग संपला तिला विटाळ लागत नाही, आधी लागलेला असला तरी सुटतो. त्यामुळे उपयोग नेमका कुठे संपतो, हे ठरवावं लागतं. आणि ते ठरवायचं तर भाजीवाला टोपली कशी भरतो, बाई पीठ कशात मळते, दिव्यात तेल कसं ओतलं जातं, हे सगळं ठाऊक असावं लागतं. हे नियम सांगणाऱ्यांनी स्वयंपाकघरात आणि बाजारात उभं राहून बारकाईने पाहिलेलं आहे.

अशी एक किल्ली जेरुसलेमच्या संग्रहालयात काचेपलीकडे पाहिली तेव्हा मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. लांब दांडा, पुढे गुडघ्यासारखा वळलेला, टोकाला दात. मिश्ना तिला ‘गुडघ्याची किल्ली’च म्हणते. आपल्या हातातल्या किल्लीसारखी ती फिरवायची नसते. दाराच्या भोकातून आत घालायची, दातांनी कडीच्या खुंट्या उचलायच्या आणि कडी सरकवायची. म्हणूनच वळणाशी मोडली तर बाहेरून ती निकामी होते, कारण दात कडीपर्यंत पोचतच नाहीत. आतून मात्र तुकडा हातात धरून काम भागतं. ग्रंथात नुसती वाचताना रब्बी यहूदांची हरकत मला हटवादी वाटली होती. वस्तू समोर आली आणि ती हरकत किती व्यवहारी आहे ते दिसलं.

अशा किल्ल्या नहल हेवेरमधल्या गुहेत सापडल्या. मृत समुद्राच्या पश्चिमेला, एन गेदीच्या दक्षिणेला ही दरी आहे. १९६० आणि १९६१ मध्ये यिगाएल यादिन यांनी तिथे उत्खनन केलं. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध बंड झालं. ते चिरडलं जात असताना आसपासच्या वस्त्यांतली माणसं कड्यातल्या या गुहेत लपली. वर कड्याच्या माथ्यावर रोमन सैन्याची छावणी. आतली माणसं परत गेली नाहीत. त्यांचे सांगाडे गुहेतच सापडले, आणि त्यांच्यासोबत त्यांनी घरून आणलेलं सामान: वाडगे, चपला, सुऱ्या, आरसा, रंगीत लोकरीचे गुंडे, किल्ल्या. घराला कुलूप लावून किल्ली बरोबर घेतली, म्हणजे परतायचं होतं.

त्याच गुहेत काशाच्या भांड्यांनी भरलेली टोपली मिळाली. भांडी रोमन घडणीची, त्यांच्यावर ग्रीक दंतकथांमधल्या आकृती. पण चेहरे घासून पुसलेले. मिश्नेत मूर्तिपूजेवरचा एक भाग आहे, त्यात विचारलंय की मूर्तीचं देवपण रद्द कसं करायचं. कानाचं टोक, नाकाचा शेंडा किंवा बोटाचं टोक उडवलं, किंवा काहीही न तोडता चेहरा नुसता ठेचला, तरी पुरे. भांडं टाकून द्यायची गरज नाही. गुहेतल्या भांड्यांवर कुणीतरी बसून नेमकं हेच केलेलं आहे. आणि कापडांची तपासणी झाली तेव्हा लोकर आणि ताग (म्हणजे इथे लिनन) एकत्र विणलेला एकही तुकडा निघाला नाही. ‘लोकर आणि ताग यांचं मिश्र वस्त्र घालू नकोस’ ही ‘अनुवाद’ या तोराहच्या पाचव्या पुस्तकातली आज्ञा जीव वाचवायला पळालेल्या माणसांच्या अंगावरही पाळलेली होती.

बाबाथा नावाच्या बाईची कागदपत्रंही तिथलीच. चामड्याच्या पिशवीत नीट बांधलेले तिचे पस्तीस दस्त ग्रीक, अरामी आणि नबातियन लिप्यांमध्ये आहेत. खजुराच्या बागांचे व्यवहार, विवाहाचा करार म्हणजे केतुबा, आणि अनाथ मुलाच्या पालकांविरुद्धची तक्रार: महिना दोन दिनारांत मुलाचं भागत नाही. केतुबा ही आज ज्यू विवाहात वाचली जाणारी धार्मिक चीज. बाबाथाने ती जमिनीच्या कागदांच्या शेजारी ठेवली होती, आणि मला वाटतं तिची जागा तीच होती.

आता मला दगडी पेल्यांबद्दल सांगायचं आहे. लेवीय या तोराहच्या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात नियम आहे की मातीच्या भांड्यात विटाळलेलं काही पडलं तर ते भांडं फोडून टाका. लाकूड, कापड, कातडं पाण्यात बुडवून शुद्ध होतं, माती होत नाही. रोज वापरायच्या गाडग्या-मडक्यांच्या घरात हे किती जाचक असेल! दगडाचं नाव मात्र त्या यादीत नाही, आणि शास्त्रकारांनी दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असंच धरलं. याचा परिणाम जमिनीत जागोजागी सापडतो. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून जेरुसलेमच्या आसपास आणि गालीलमध्ये मऊ चुनखडीची भांडी निघू लागतात. जेरुसलेमच्या ईशान्येला हिझमा इथे खाणीच आहेत, कातकामानंतर मधून निघालेले दगडाचे गोळे तिथे ढिगाने पडलेले. नाझरेथजवळ रेने इथे २०१७ मध्ये असाच एक कारखाना उघडा झाला. मोठे रांजण लेथवर कातायचे, आणि छोटे पेले पटाशीने तासून करायचे. अशा पेल्याच्या अंगावर उभे पैलू असतात, पटाशीच्या एकेका ओढीचा एक. कडेला चौकोनी कान, त्याला आरपार भोक. बाहेरून ओबडधोबड, पण काठ ओठाला लागेल तिथे गुळगुळीत.

हा पेला मिश्नेत एका अद्भुत प्रसंगात येतो. शुद्धीच्या विधीसाठी पूर्ण निर्विटाळ पाणी हवं असे. त्यासाठी जेरुसलेममध्ये खडकावर अशी अंगणं बांधली होती की खाली पोकळी राहील, जमिनीत एखादी विसरलेली कबर असलीच तर तिचा विटाळ वर येऊ नये. गरोदर बायका तिथे येऊन बाळंत होत आणि मुलांना तिथेच वाढवत. मग बैल आणले जात, त्यांच्या पाठीवर दारं आडवी टाकलेली, दारांवर मुलं बसलेली आणि मुलांच्या हातात दगडी पेले. मिरवणूक शिलोह तळ्यावर जाई, मुलं उतरून पेले भरत. इथेही रब्बी योसे आहेतच: मुलांनी उतरायचं नाही, बसल्या जागेवरून पेला खाली सोडून भरायचा.

हे खरोखर असंच घडत होतं की काळजीपोटी रंगवलेलं चित्र आहे, यावर अभ्यासक वाद घालोत. पण २००४ मध्ये सांडपाण्याच्या नळाच्या कामात त्या शिलोह तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या, आणि जेरुसलेमच्या मातीत पेले तर ढिगांनी आहेत. एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मुठीत तो चौकोनी कान अगदी बरोबर बसेल.

जुन्या शहरातल्या ज्यू मोहल्ल्यात नाहमान अविगाद यांना १९७० मध्ये एक जळकं घर सापडलं. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर आणि शहर जाळलं, त्याच आगीतलं. आत दगडी मेजं, दगडी भांडी, चुली, एका तरुण बाईच्या हाताची हाडं आणि एक दगडी वजन. वजनावर अरामी अक्षरं: ‘बार कथ्रोस’, म्हणजे कथ्रोस घराण्यातला. हे घराणं तालमूदला, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या पुढच्या मोठ्या ग्रंथाला, माहीत आहे आणि प्रेमाने माहीत नाही. मंदिरातल्या बड्या पुरोहित घराण्यांविरुद्ध लोकांनी जपून ठेवलेला एक आक्रोश पेसाहीम भागात आहे. त्यात प्रत्येक घराण्याचा एकेक जुलूम सांगितलाय, कुणाच्या काठ्या, कुणाच्या मुठी, आणि ‘हाय रे, कथ्रोसच्या घराण्यापायी, त्यांच्या लेखण्यांपायी’. स्वतः महायाजक, मुलगे खजिनदार, जावई कारभारी, आणि नोकर लोकांना दंडुक्यांनी बडवतात.

तालमूदमध्ये त्यांच्या लेखण्यांची तक्रार आली आणि जमिनीतून त्यांचं वजन निघालं. मला त्यासोबत मिश्नेतला वजनांचा नियम आठवतो. घाऊक व्यापाऱ्याने मापं महिन्यातून एकदा पुसावीत. दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा, वजनं आठवड्यातून एकदा, आणि तराजू प्रत्येक तोलानंतर. मापाला चिकटलेला मधाचा किंवा तेलाचा थर गिऱ्हाइकाचा असतो. देवाची आज्ञा ‘खरी वजनं ठेवा’ एवढीच आहे, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात. तिचं फडक्यापर्यंतचं काम मिश्नेने केलं.

चुलीवर तर अख्ख्या तालमूदमधली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट उभी आहे. ‘तन्नूर’ म्हणजे आपला तंदूरच, मातीचा, वरून उघडा, आतल्या भिंतीला भाकर थापायची. विटाळला तर फोडायचा. कुणीतरी युक्ती केली: तन्नूर वेगवेगळ्या कड्यांत कापला, कड्यांमध्ये वाळू भरली आणि बाहेरून लिंपला. रब्बी एलिएझेर म्हणाले, हे अखंड भांडं नाही, याला विटाळ नाही. बाकीचे म्हणाले, भाकर भाजली जाते ना, मग हा तन्नूरच. एलिएझेरांनी चमत्कारांची साक्ष काढली. झाड उपटून लांब गेलं, ओढा उलटा वाहिला, भिंती कलल्या, शेवटी आकाशवाणी झाली. तेव्हा रब्बी येहोशुआ उभे राहून म्हणाले, ‘ती स्वर्गात नाही’. तोराह आता माणसांच्या हाती दिलेली आहे, निर्णय बहुमताने होईल. देव हसला आणि म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण देवाच्या हसण्यावर थांबतात. तालमूद थांबत नाही. पुढे लिहिलंय की एलिएझेरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना बहिष्कृत केलं. त्यांचे डोळे पाण्याने भरले, आणि जगातल्या ऑलिव्हचं, गव्हाचं, जवाचं एक तृतीयांश पीक करपलं. आणि ही सगळी हकीकत आली आहे कुठे, तर शब्दाने माणसाला दुखावू नये या चर्चेत. तन्नूर शुद्ध की अशुद्ध हा निकाल लागला, पण ग्रंथाने हरलेल्या माणसाचं दुःखही निकालाइतक्याच काळजीने नोंदवलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मराठी वाचणाऱ्याला विटाळ हा विषय निर्मळ मनाने वाचता येत नाही, येऊ नयेही. आपल्याकडे भांड्यांचा विटाळ माणसांना चिकटवला गेला आणि पिढ्यान् पिढ्या पाण्यापासून दूर ठेवायला वापरला गेला. मिश्नेतली अशुद्धता जन्माने येत नाही. ती कुणालाही लागते, महायाजकालाही, आणि पाण्याने, सूर्यास्ताने, काही दिवसांनी सुटते. तरी तिनेही माणसांत अंतर पाडलंच. शुद्धी काटेकोर पाळणारे एकीकडे, ‘अम हाआरेत्झ’ म्हणजे साधे अडाणी लोक दुसरीकडे. शेजारणींचा एक नियम त्या अंतरावरच बेतलेला आहे. काटेकोर घरातल्या बाईने साध्या घरातल्या बाईला चाळणी उसनी द्यावी, तिच्याबरोबर धान्य निवडावं, दळावं, चाळावं. पिठात पाणी पडलं की मात्र हात काढून घ्यावा, कारण ओल्या पिठाला विटाळ लागतो. आणि दुसरी शेजारीण, जिच्यावर दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचे नियम मोडल्याचा संशय आहे, तिलाही चाळणी, जातं, तन्नूर उसना द्यावा. फक्त तिच्याबरोबर दळू नये. हे सगळं का? मिश्ना उत्तर देते: सलोख्यासाठी. भिंत राहिली हे खरं आहे. पण भिंतीवरून चाळणी इकडची तिकडे गेली पाहिजे, हेही शास्त्रातच लिहिलं गेलं.

जात्याविषयीची आज्ञा मला सगळ्यांत जवळची. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे: कुणाचं जातं, किंवा त्याची वरची तळी, गहाण घेऊ नका; तो जीवच गहाण घेणं होईल. नुसती वरची तळी उचलली तरी खालची मुकी होते, सावकाराला हे पक्कं ठाऊक असणार. गालीलकडचे दळणाचे दगड काळ्या बेसाल्टचे, आपल्या जात्यांसारखेच. यिर्मया संदेष्टा विनाश वर्णन करताना सांगतो की नवरा-नवरीचा आवाज थांबेल, जात्याचा आवाज थांबेल आणि दिव्याचा उजेड जाईल. पहाटेच्या दळणाबरोबर ओव्या ऐकलेल्या कुणालाही हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

दिव्याबद्दल मिश्नेत अख्खा अध्याय आहे, शब्बाथ म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसावरच्या भागातला दुसरा, आणि तो दर शुक्रवारी संध्याकाळी अनेक सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहांत, वाचला जातो. कशाची वात चालेल, कोणतं तेल चालेल. अंड्याच्या टरफलाला भोक पाडून, त्यात तेल भरून, ते दिव्याच्या तोंडावर ठेवून थेंब थेंब गळू द्यायचं का? नाही, पण कुंभाराने दिव्याला मुळातच अशी वाटी जोडली असेल तर चालेल, कारण मग ते एकच भांडं. त्या काळचे दिवे छोटे, तळहातावर मावणारे, चोच सुरीने तासलेली. गालीलमधल्या ज्यू गावांत सापडलेल्या अशा बऱ्याच दिव्यांची माती तपासली तर ती जेरुसलेमच्या परिसरातली निघाली. घराजवळ कुंभार असताना दिवा मात्र पवित्र नगरीच्या मातीचा आणायचा, हा कुठल्याही ग्रंथात न लिहिलेला नियम दिव्यांनीच सांगितला.

रब्बी तार्फोन यांचं म्हणणं होतं की शब्बाथचा दिवा फक्त ऑलिव्हच्या तेलाचा असावा. त्यावर रब्बी योहानान बेन नूरी उठून उभे राहिले. मग बाबेलच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे तिळाच्या तेलाशिवाय काही नाही? मेदियाच्या लोकांकडे अक्रोडाचं, अलेक्झांड्रियाच्या लोकांकडे मुळ्याच्या बियांचं. ज्याच्या मुलखात जे पिकतं त्याने त्याचा दिवा लावायचा नाही का?

या प्रश्नाच्या यादीत कोकण नव्हतं, पण कोकणातही ऑलिव्ह पिकत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, असं बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही माणसं कोकणातल्या खेड्यांत पसरली, रोहेकर, पेणकर, नवगावकर झाली, मराठी बोलू लागली आणि घाण्यावर तेल काढून पोट भरू लागली. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभं राहिलं. मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. त्याआधीच्या शतकांत त्यांच्याजवळ ‘शेमा’च्या प्रार्थनेचे शब्द, सुंता, शनिवार आणि स्वयंपाकघर एवढंच होतं. नहल हेवेरच्या गुहेत ग्रंथ हाती घेऊन वस्तू समजून घ्यावी लागते. कोकणात ग्रंथ हरवला होता आणि घाण्याने तो दर सात दिवसांनी पाळला.

दाविद राहाबी नावाचा ज्यू विद्वान या लोकांकडे आला तेव्हाची हकीकत समाजात अजून सांगतात. तो केव्हा आला यावर मतभेद आहेत. हे लोक खरंच आपले आहेत का, हे पाहायला त्याने बायकांना निरनिराळे मासे दिले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. लेवीयच्या अकराव्या अध्यायातला हा नियम, विटाळलेलं मडकं फोडायला सांगणाऱ्या नियमाच्या जरासा आधी येतो. राहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तीन पुरुषांना धर्मविधी शिकवले आणि काजी नेमलं. ती तीन नावं समाजाने नीट जपली. परीक्षा दिली होती त्या बायकांनी, भर स्वयंपाकघरात, समोर मासळीची टोपली घेऊन. त्यांचीही नावं त्या तिघांच्या शेजारी असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.